इसाकचं दुसरं नाव

मी आयुष्यभर लोकांना नावं ठेवली, आणि तरीही लोक मला आग्रहाने जेवायला बोलावत राहिले. दुसऱ्या कुठल्या कामात ही सोय असेल असं वाटत नाही.

काम नीट सांगतो. मी बेने इस्रायली, म्हणजे पूर्वज कोकणातले, घरात मराठी आणि धर्माने ज्यू. पोटासाठी घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पण ज्याला मी माझं काम म्हणतो ते शनिवारचं आणि सणावारांचं. उपनगरातल्या आमच्या छोट्याशा प्रार्थनालयात मी हझान होतो. हझान म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभं राहून मोठ्याने प्रार्थना म्हणणारा. लग्न, सुंता, बारसं, मयत, सगळीकडे तोच. कुणाच्या घरी मूल झालं की नाव काय ठेवायचं हे विचारायला लोक त्याच्याकडेच येतात. म्हणजे येत असत. आता आधी इंटरनेटला विचारतात आणि मग मला कळवतात.

आमच्यात माणसाला दोन नावं असतात. एक शाळेच्या दाखल्यावरचं आणि एक हिब्रू. दाखल्यावर समीर असेल, तर प्रार्थनालयात शमुएल. हिब्रू नाव रोज कुणी वापरत नाही. ते लागतं पोथी वाचायला बोलावताना, लग्नाच्या करारात, आजारपणातल्या प्रार्थनेत, आणि शेवटी कबरीच्या दगडावर. दाखल्यावरचं नाव गॅझेटमध्ये जाहिरात देऊन बदलता येतं. हे दुसरं बदलायला फार मोठं कारण लागतं. त्या कारणाबद्दलच लिहायचं आहे, पण मला लिहायला वेळ लागतो. माझा मित्र इसाक गेल्यापासून तर फारच लागतो. तो असता तर म्हणाला असता, बेन्या, तू लिहितोस की अक्षरं शिजायला ठेवतोस?

बेन्या म्हणजे मी, बेन्यामीन. इसाक आमच्या प्रार्थनालयाचा शमाश होता. दार उघडायचं, दिवे लावायचे, पुस्तकं मांडायची, हे त्याचं सोपं काम. अवघड काम दहा पुरुष जमवण्याचं. दहा जमल्याशिवाय आमची सामुदायिक प्रार्थना सुरू होत नाही, आणि आमची निम्मी वस्ती इस्रायलला निघून गेली आहे. आठ-नऊ जमले की इसाक बाहेर पडायचा. एका सोमवारी सकाळी त्याने एकाला न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीसकट उठवून आणलं होतं. न्हाव्याला सांगितलं, उरलेली अर्धी देवाच्या नावावर लिही, मी आणून देतो परत. माहुलच्या बाजूला एका रिफायनरीत त्याने फिटर म्हणून सगळी नोकरी काढली होती. त्यामुळे धर्म, राजकारण आणि संसार या तिन्हींबद्दल त्याचं एकच मत होतं: कुठेतरी गळतंय, पण लाइन चालू आहे ना, मग हात लावू नका.

आमच्या दोघांच्या स्वभावांची अदलाबदल झाली होती असं लोक म्हणत. पुढे उभं राहून बोलायचं काम माझ्यासारख्या गप्प माणसाकडे, आणि मागे उभं राहून गप्प बसायचं काम त्याच्याकडे. मी माझं काम नीट करत असे. त्याचं त्याला कधी जमलं नाही.

बोरिवलीचं एक जोडपं आलं होतं. दोघंही कॉम्प्युटरवर काम करणारे, पहिला मुलगा. त्यांना युनिक नाव हवं होतं आणि ते त्यांनी शोधलंही होतं: नाबाल. एका वेबसाइटवर त्याचा अर्थ वीणेशी जोडून दिला होता. आई झालेल्या त्या मुलीचा चेहरा इतका आनंदी होता की मला सांगवेना. आमच्या शास्त्रात नाबाल नावाचा एक गडगंज मेंढरंवाला आहे. त्याने पुढे राजा झालेल्या दावीदच्या उपाशी माणसांना जेवण नाकारलं. तेव्हा त्याची स्वतःची बायको दावीदपुढे जाऊन म्हणाली की या माणसाकडे लक्ष देऊ नका, याचं नाव आहे तसाच हा आहे. नाबाल म्हणजे मूर्ख. मी हे जमेल तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. मागे दिव्याच्या काचा पुसत असलेला इसाक म्हणाला, "ठेवा की. पुढे मुलाने काही केलं तर बाप सांगू शकेल, आम्ही बारशालाच कळवलं होतं."

सुदैवाने दोघं हसली. शेवटी नातान ठरलं, म्हणजे 'त्याने दिलं'. पण त्याआधी त्या मुलीने सहज विचारलं, की मग इसाक कसं आहे? इसाकनेच घाईने उत्तर दिलं, की नको, या नावाला एक खोड आहे. आणि मग काचा खाली ठेवून तो गोष्ट सांगायला बसला. ती गोष्ट मी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की पोथीतली कुठली आणि त्याची कुठली हे आता मला मेहनतीने वेगळं करावं लागतं.

इसाकचं मूळ हिब्रू रूप यित्झाक, मराठीत आपण इसहाकही लिहितो. अर्थ: तो हसतो, किंवा तो हसेल. हे नाव पडलं कसं? आमचा मूळपुरुष अब्राहाम शंभरीला टेकलेला, त्याची बायको सारा नव्वदीची. देव सांगतो, तुम्हाला मुलगा होणार. अब्राहाम जमिनीवर पालथा पडतो आणि हसतो. लोटांगणही होतं आणि हसूही लपतं. देव म्हणतो, बरं, मग त्याचं नाव इसहाक ठेव. पुढे पाहुणे येतात, तीच बातमी सांगतात, तेव्हा सारा तंबूच्या दाराआड मनातल्या मनात हसते. पकडली गेल्यावर म्हणते, मी नाही हसले. तिला उत्तर मिळतं, हसलीस. मूल झाल्यावर मात्र ती उघड म्हणते की देवाने मला हसवलं, आता जो ऐकेल तो माझ्याबरोबर हसेल.

"म्हणजे बघा," इसाक त्या जोडप्याला म्हणाला, "आई हसली, बाप हसला, सगळा गाव हसला. नाव मात्र पोराला. आणि पोराच्या वाट्याला काय? बापाने बळी द्यायला लाकडांवर बांधलं, म्हातारपणी डोळे गेले, धाकट्या मुलाने फसवलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

मी त्याला दुरुस्त केलं, की एका ठिकाणी इसहाक स्वतः हसतखेळत होता असं लिहिलं आहे. राजाने खिडकीतून पाहिलं तेव्हा तो आपल्या बायकोशी थट्टामस्करी करत होता, आणि तिथे नावातलाच धातू वापरलेला आहे. इसाकला हे अर्थातच ठाऊक होतं. त्याला ते फक्त माझ्या तोंडून, गंभीर आवाजात, नव्या आईबापांसमोर वदवून घ्यायचं होतं.

आता नाव बदलण्याचं ते मोठं कारण. माणूस फार आजारी पडला, डॉक्टर बोलायचं टाळू लागले, की आमच्यात त्याला आणखी एक नाव जोडण्याची चाल आहे. मृत्यूच्या दूताकडे हुकूम असतो तो नावानिशी. नाव बदललं की हुकूम त्या माणसाला लागू होत नाही, अशी समजूत. याला शास्त्राचाही टेकू आहे: अब्रामला सारापासून मूल नव्हतं, देवाने त्याचं नाव अब्राहाम केल्यावर झालं. नवं नाव बहुतेक जगण्याशी संबंधित असतं. हायिम, म्हणजे जीवन, हे सगळ्यांत जास्त चालणारं. दहा पुरुषांसमोर हझान ते जाहीर करतो आणि पुढे त्याच नावाने प्रार्थना होते.

हे मी कितीतरी जणांसाठी केलं. काही वाचले, काही नाही. मी कधी हिशेब मांडला नाही, कारण मांडला असता तर दोन्हीकडून अडचण झाली असती. मुलुंडच्या एक मावशी वाचल्या. त्यांना नवं नाव इतकं मानवलं की पुढे साधा ताप आला, सुनेशी वाजलं, की त्या आणखी एक मागायला येत. तिसऱ्या वेळी इसाकने त्यांना समजावलं, की मावशी, आता आवरा, वर हाक मारणाऱ्यालाही धाप लागेल.

मग इसाकच आजारी पडला. फुप्फुसात पाणी झालं. मुलुंडच्या एका रुग्णालयात त्याला ठेवलं. बायको आधीच गेलेली. मुलगी डेबोरा, आमची डेबी, इस्रायलमध्ये एका वृद्धाश्रमात नर्स. तिला तिकडून निघता येत नव्हतं आणि नर्स असल्यामुळे फोनवर कुणी तिला खोटं सांगूही शकत नव्हतं. तिने मला फोन केला. म्हणाली, काका, पपांना नाव जोडा. हायिम जोडा. या शनिवारीच.

मी त्याला विचारायला गेलो. विचारण्याची पद्धत नाही, खरं तर. पण तो शुद्धीत होता, आणि तो इसाक होता.

त्याने ऐकून घेतलं. नाकात नळी होती, त्यामुळे वाक्यं तुकड्यातुकड्यांनी येत होती.

"अब्रामचा अब्राहाम झाला. याकोबचा इस्राएल झाला. मधल्याचं काय झालं रे?"

"काही नाही झालं."

"का?"

मी सांगितलं, की इसहाकाचं नाव जन्माच्या आधीच देवाने ठरवलं होतं, म्हणून बाप, तो आणि मुलगा या तिघांत त्याचं एकट्याचं बदललं गेलं नाही, असं जुने पंडित म्हणतात.

"मग? जे वरून फिट होऊन आलंय," तो म्हणाला, "ते तू मुलुंडमध्ये खोलणार?"

मी म्हटलं, डेबीची इच्छा आहे. तो म्हणाला, समज, बदललं. तो दूत येणार, दारावर पाटी वेगळी बघणार. परत जाईल असं वाटतं तुला? खाली वॉचमन आहे. वॉचमन सांगेल, हायिमबियिम नाय माहीत साहेब, पण एक म्हातारा खोकतो तो तिसऱ्या माळ्यावर. आणि दम लागेपर्यंत हसला. नर्स येऊन मला रागावली.

ती गेल्यावर त्याने माझीही खबर घेतली. पहिल्या बेन्यामीनची आई त्याला जन्म देताना वारली आणि मरताना तिने त्याचं नाव 'माझ्या दुःखाचा मुलगा' असं ठेवलं; बापाने ते लगेच बदलून बेन्यामीन केलं. ही पोथीतली गोष्ट. इसाकच्या मते तेव्हापासून आम्हा बेन्यामीन लोकांना नावं बदलण्याची खाज आहे. मी हसलो नाही. त्याने माझा हात धरला. हात धरण्याची सवय त्याला नव्हती.

"शब्द दे. माझ्या नावाला पुढेमागे काही लावणार नाहीस."

मी दिला.

डेबीला मी एवढंच कळवलं की पपा नको म्हणतात. ती म्हणाली, "काका, तुमचा तो मित्र आहे. माझा बाप आहे." आणि तिने तिकडच्या प्रार्थनालयात जाऊन, तिकडच्या हझानाकडून, वडिलांना नाव जोडून घेतलं. हायिम इसाक. दुसऱ्या दिवशी तिने मला तसं सांगितलं, चिडून नाही, एखाद्या कार्यालयाला कळवावं तसं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आम्ही आईचं नाव लावतो. त्या शनिवारी इथे मी दहा माणसांसमोर हन्नाचा मुलगा इसाक याच्यासाठी प्रार्थना केली, आणि तिकडे त्याच दिवशी हन्नाचा मुलगा हायिम इसाक याच्यासाठी झाली. एकाच माणसासाठी दोन नावांनी प्रार्थना झालेली मी पूर्वी पाहिली नव्हती.

इसाक घरी आला. श्रावणात आला, गणपती पाहिले, दसऱ्याला शेजारच्या कांबळेवहिनींनी दिलेलं सोनं घेतलं आणि त्यांना सांगितलं की भाव वाढला की विकतो. त्यांच्याकडची पिठलं-भाकरी खाऊन तो चांगला तरतरीत दिसू लागला. दर शुक्रवारी मी त्याच्याकडे जाऊन बसत असे. नावाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. मला वाटे, माझ्याजवळ एक गोष्ट आहे जी त्याला माहीत नाही, आणि ती आपण सांभाळतो आहोत.

दिवाळी झाली आणि तो गेला. आमच्यात मयत थांबवत नाहीत. डेबीला पोचता आलं नाही. दफन झाल्यावर तिचा फोन आला. तेव्हा ती जे म्हणाली ते मी वर्षभर घेऊन फिरलो.

"वर दोन नावं गेली, काका. एक मी पाठवलं, एक तुम्ही. कुणाचं ऐकायचं त्यांनी? एकदा जरी मी जोडलेल्या नावाने म्हटलं असतंत."

दुःखात माणूस असं बोलतो, हे मला कळत होतं. शेकडो घरांत मी असली वाक्यं ऐकली आहेत आणि त्यावर काय म्हणायचं ते तरुण हझानांना शिकवलंही आहे. ते सगळं दुसऱ्यांच्या घरात चालतं. मी माझ्या पद्धतीने शोक केला, म्हणजे पुस्तकं काढली. तिला सांगता येईल असं काहीतरी मिळेल, म्हणून शोधत राहिलो. आणि मिळालं ते माझ्या विरुद्ध होतं. नवं नाव जोडल्यावर आजारी माणूस महिनाभर तगला, तर ते नाव त्याचं झालं. पुढे प्रार्थनेत आणि दगडावर तेच आलं पाहिजे. त्याआधी गेला, तर जुनं. इसाक श्रावणापासून दिवाळीपर्यंत जगला होता. नियमाने तो हायिम इसाक होता, आणि मी त्याला इसाक म्हणून पुरलं होतं.

वर्ष होत आलं की कबरीवर दगड बसवतात. त्यासाठी डेबी आली. तिला घेऊन मी कुर्ल्याला सावंतांकडे गेलो. सावंत मालवणचे, रस्त्याकडेला त्यांचं दगडांचं दुकान. देवनागरी आणि हिब्रू दोन्ही खोदतात. हिब्रू त्यांना वाचता येत नाही, मी अक्षरं काढून देतो, ते चित्रासारखी उतरवतात. दगड तयार होता. फक्त नाव बाकी होतं.

मी डेबीला नियम सांगितला. म्हटलं, तुझं नाव पोचलं होतं. ते वाया गेलं नाही. दगडावर हायिम इसाकच हवं.

ती म्हणाली, नको. फक्त इसाक लिहा.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान बरं वाटेल तिला. ती उलट भांडायला लागली. मी म्हणे नियम, ती म्हणे पपांना नको होतं. मी म्हटलं, महिन्याच्या वर जगला तो. ती म्हणाली, त्यांच्या मनाविरुद्ध नाव लावलं ते मी, ते मी दगडावर कशाला मिरवू? म्हणजे वर्षभरापूर्वी ती जे म्हणत होती ते आता मी म्हणत होतो आणि माझं म्हणणं ती. सावंत छिन्नी हातात घेऊन दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. शेवटी म्हणाले, "काका, आधी ठरवा काय ता. दगड एकच आसा. खोदल्यार पुसूक येवचा नाय."

"तुम्ही त्यांना शब्द दिलाय," डेबी मला म्हणाली. "तो तरी पाळा."

शब्दाबद्दल मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. रुग्णालयाच्या त्या खोलीत मी आणि इसाक दोघंच होतो.

"तुला कुणी सांगितलं?"

ती सावंतांच्या स्टुलावर बसली. "पपांनीच."

मग तिने सांगितलं. इसाक रुग्णालयातून घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तिला राहवलं नाही. व्हिडिओ कॉलवर तिने कबूल करून टाकलं, की पपा, मी इकडे तुमचं नाव बदललंय. तो खूप हसला. म्हणाला, बरं केलंस, दोन नावं असलेली बरी, एक धुवायला टाकता येतं. आणि मग तिला म्हणाला, हाक मारून बघ. तिने हायिम म्हणून हाक मारली. तो म्हणाला, ओ. त्यानंतर दर शुक्रवारी, मी त्याच्याकडे पोचायच्या आधी, ती त्याला त्या नावाने हाक मारत असे आणि तो ओ देत असे.

"मला म्हणाले, बेन्याला यातलं काही सांगू नकोस. त्याने माझ्यासाठी त्याचं पुस्तक मिटून ठेवलंय. त्याला कळलं मी दोन्हीकडे सह्या केल्यात, तर मला बसवून सगळे नियम वाचून दाखवील."

दफनानंतरच्या त्या फोनबद्दल तिने माफी मागायला सुरुवात केली. कुणावर तरी राग काढायचा होता, म्हणाली. मी तिला थांबवलं. मग ती म्हणाली, ते हसले ते माझ्यासाठी हसले, काका. त्यांना खरं काय हवं होतं ते तुम्हाला सांगितलं होतं.

असेल. इसाकच्या मनात काय होतं हे खात्रीने सांगता येईल इतका तो मला कधी कळला नाही. पण माझ्या कामातलं एक मला कळतं, आणि ते पुस्तकात नाही. बारशाला मी नाव पुकारतो तेव्हा ते फक्त माझ्या तोंडात असतं. पाळण्यातल्या मुलाला त्याचा पत्ताही नसतो. मग घरातले महिनोन्‌महिने हाका मारतात, आणि एक दिवस मूल मान वळवून बघतं. नाव त्या दिवशी ठेवलं जातं. इसाकने मान वळवली होती. तीही पुन्हा पुन्हा.

"मी शब्द दिला होता की मी काही लावणार नाही," मी डेबीला म्हटलं. "मी लावलेलं नाही. तू लावलंस आणि त्याने ओ दिली. आता मला फक्त अक्षरं काढायची आहेत."

तिने डोळे पुसले आणि सावंतांना म्हणाली, काका सांगतात तसं करा. मी कागदावर हायिम लिहिलं, मग इसाक. माझा हात नेहमीपेक्षाही हळू चालला, पण सावंतांनी घाई केली नाही.

दगड बसवायच्या दिवशी दहा माणसं जमवायचं काम माझ्यावर आलं. नऊ जमली. दहावे म्हणून कांदिवलीहून डॅनियलकाकांना रिक्षा पाठवून आणलं. ते नव्वदीला आले आहेत, सगळ्यांच्या मयतीला जातात, आणि इसाकवर त्यांचा फार जीव. मी कबरीपाशी उभा राहून प्रार्थना म्हटली आणि पहिल्यांदाच ते नाव मोठ्याने घेतलं, हायिम इसाक. आवाज ठीक राहिला. आमेन झालं. पण डॅनियलकाकांनी आमेन म्हटलं नाही. ते वाकून दगड बघत होते.

"हा हायिम कोण?" त्यांनी मला विचारलं. "मला इसाकच्या दगडासाठी बोलावलं ना? मी कांदिवलीहून इसाकसाठी आलोय."

मी सांगायला लागलो, की आजारपणात जोडलेलं नाव, महिन्याचा नियम, आणि मला जाणवलं की डेबी माझ्या बाजूला ओढणी तोंडावर धरून हलते आहे. रडते आहे असं वाटून मी वळलो. ती हसत होती. मग मलाही आवरेना. कबरस्तानात, प्रार्थनेचं पुस्तक हातात, मी हसत होतो आणि नऊ माणसं माझ्याकडे बघत होती.

डेबीने डॅनियलकाकांचा हात धरला आणि म्हणाली, "आजोबा, दोघंही इथंच आहेत."

त्यांनी यावर विचार केला. मग टोपी नीट केली, सरळ उभे राहिले, आणि एकदा हायिमसाठी आमेन म्हणाले. जरा थांबून, थोड्या मोठ्याने, इसाकसाठी.